सुखान्ताचे मोल : केंब्रिजमधील एक मैत्री व सत्तावन्न वर्षांचे मौन

नवविधा भक्तीमध्ये सख्याचा क्रम आठवा. दास्याच्या पुढे आणि आत्मनिवेदनाच्या अलीकडे आपल्या पूर्वजांनी मैत्रीला आसन दिले, ते विचारपूर्वकच दिले असले पाहिजे. दास हात जोडून उभा राहतो. सखा शेजारी बसतो. अवंतीनगरीत सांदीपनींच्या आश्रमात एकत्र विद्याध्ययन केलेल्या कृष्ण-सुदाम्याची कथा कीर्तनकार आपल्या देवळादेवळांतून पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, आणि मूठभर पोह्यांचा प्रसंग आला की अजूनही श्रोत्यांचे डोळे ओलावतात. त्या कथेला तिच्यात नसलेला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. तिच्यातून येथे एवढेच घ्यावयाचे की, विद्यार्थिदशेत जुळलेला स्नेह मनुष्याला जन्मभर पुरतो, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका स्नेहाचा आहे. मात्र हा स्नेह एक पाऊल पुढे गेला. कॉलेजात नव्याने आलेले दोन तरुण प्रथम मित्र झाले आणि पुढे एकमेकांच्या प्रेमात पडले. ही हकीकत इंग्लंडातील केंब्रिजची होय. तिच्यावर आधारलेली कादंबरी १९१४ साली लिहून पुरी झाली व १९७१ साली छापली गेली. मधल्या सत्तावन्न वर्षांच्या मौनाचा इतिहास आपण पाहावा, याला दोन कारणे आहेत. ज्या कायद्याने ते मौन लादले, त्याच घराण्यातील एक कलम आपल्या देशातही २०१८ पर्यंत या प्रेमाला गुन्हा ठरवीत होते, हे एक. आणि त्या लेखकाच्या आयुष्याचा एक धागा सांदीपनींच्या उज्जैनीपासून जवळच असलेल्या देवासच्या मराठी दरबारात येऊन गुंतला, हे दुसरे.

१८९७ चे केंब्रिज

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर याचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडन येथे झाला. वडील तो तान्हा असतानाच निवर्तले. आई व नात्यातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्या छायेत वाढलेला हा बुजरा मुलगा टनब्रिजच्या शाळेत फारसा रमला नाही. १८९७ च्या शरदऋतूत तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला, आणि तेथे त्याला प्रथमच मोकळा श्वास घेता आला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडात दोन घटना घडल्या होत्या. पहिली म्हणजे नामांकित नाटककार ऑस्कर वाइल्ड दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून तुरुंगाबाहेर आला. दुसऱ्या पुरुषाशी प्रेमसंबंध ठेवणे हा त्याचा अपराध. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३३ साली, इंग्लंडात अशा संबंधांना देहान्ताची शिक्षा ठरली होती. ती १८६१ मध्ये रद्द झाली. परंतु १८८५ साली पार्लमेंटने आणखी एक कलम जोडले. त्यान्वये दोन पुरुषांमधील कोणतीही जवळीक, ती बंद दाराआड व उभयतांच्या संमतीने घडलेली असली तरी, दोन वर्षांच्या कैदेस पात्र ठरली. वाइल्डला १८९५ साली शिक्षा झाली ती या कलमाखाली. कीर्ती, संसार व संपत्ती गमावून १९०० साली तो पॅरिसमध्ये मरण पावला. त्या पिढीतील प्रत्येक सुशिक्षित तरुणाने वर्तमानपत्रांतून हा खटला वाचला होता.

दुसरी घटना अशी की, स्त्रियांना पदव्या द्याव्यात हा प्रस्ताव केंब्रिज विद्यापीठाने मोठ्या बहुमताने फेटाळला. (त्यांना पूर्ण पदवी मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले.) अर्थात किंग्जसारखे कॉलेज म्हणजे केवळ पुरुषांचे जग होते. अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण एकाच जिन्यावरील खोल्यांतून राहत, एकाच भोजनगृहात जेवत, नदीवर एकत्र नाव वल्हवीत आणि रात्र रात्र धर्म, काव्य व तत्त्वज्ञान यांवर वाद घालीत. मैत्री हे तेथील शिक्षणाचेच एक अंग समजले जाई.

यात आणखी एक विसंगती होती. त्या काळी विद्येचा कळस म्हणजे ग्रीक भाषा. प्लेटोचे संवाद मुळातून वाचावयाचे; आणि प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादात तर पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाची उघड व उदात्त चर्चा आहे. किंग्जमधील एक अध्यापक गोल्ड्सवर्दी लोझ डिकिन्सन याने १८९६ साली ग्रीकांच्या जीवनदृष्टीवर एक पुस्तक लिहिले व त्यात या मैत्रीचा उल्लेख टाळला नाही. सर्वसाधारण रिवाज मात्र असा की, वर्गात तो भाग आला म्हणजे पुढे जावयाचे. तरुणांना शेजारी शेजारी ठेवावयाचे, मैत्रीचे गोडवे गावयाचे, प्लेटो हाती द्यावयाचा, आणि त्यापुढे एक पाऊल पडले तर तुरुंग दाखवावयाचा, अशी ती व्यवस्था होती.

एक मित्र

या वातावरणात फॉर्स्टरची ह्यू ओवेन मेरेडिथ याच्याशी मैत्री जुळली. मेरेडिथ देखणा, बुद्धिमान व वादात धीट. फॉर्स्टर मागे मागे राहणारा. मेरेडिथ त्याला ओढून पुढे आणणारा. त्याच्याशी झालेल्या चर्चांतून फॉर्स्टरच्या मनातील बालपणीची ख्रिस्ती श्रद्धा गळून पडली. केंब्रिजमध्ये १८२० पासून चालत आलेली 'अपॉस्टल्स' या नावाची एक निवडक चर्चामंडळी होती. १९०१ साली मेरेडिथच्याच पुढाकाराने फॉर्स्टरचा तीत प्रवेश झाला.

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, दोघेही पंचविशीच्या आत असताना, या मैत्रीचे प्रेमात रूपांतर झाले. फॉर्स्टरच्या आयुष्यातील हे पहिलेच प्रेम. ते शब्दांत आणि आलिंगनात राहिले. त्याहून पुढे गेले नाही. मेरेडिथच्या बाजूने ते ओसरलेही लवकर. त्याने पुढे विवाह केला आणि १९११ पासून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आयुष्य घालविले. दोघांत भांडण झाले नाही. १९०८ साली निघालेली 'अ रूम विथ अ व्ह्यू' ही आपली कादंबरी फॉर्स्टरने त्याला अर्पण केली. परंतु अर्पणपत्रिकेत नाव नव्हते, केवळ तीन आद्याक्षरे होती.

कादंबरी आणि तिचा शेवट

१९११ पर्यंत फॉर्स्टर इंग्लंडातील अग्रगण्य कादंबरीकारांत गणला जाऊ लागला होता. आणि त्याच वर्षी त्याने आपल्या रोजनिशीत नोंद केली की, जो एकच विषय हाताळण्याची आपल्याला मुभा आहे, म्हणजे स्त्री-पुरुषांचे परस्परांवरील प्रेम, त्याचा आपल्याला वीट आला आहे. यश पदरात पडत असतानाची ही नोंद आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील कोंडमारा कळतो.

तो कोंडमारा फुटण्यास एक भेट कारण झाली. १९१३ साली फॉर्स्टर डर्बीशरमधील मिल्थॉर्प या खेड्यात एडवर्ड कार्पेंटर याच्याकडे गेला. कार्पेंटर हा एके काळचा केंब्रिजचा अध्यापक व धर्मोपदेशक. दोन्ही सोडून तो खेड्यात भाजीपाला पिकवून राहत असे. आपल्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. गांधीजींनी 'हिंद स्वराज्य'च्या शेवटी जी पुस्तके वाचावयास सांगितली, त्यांत कार्पेंटरचे आधुनिक सुधारणेवरील पुस्तक आहे. तो १८९० च्या सुमारास सिंहलद्वीप व हिंदुस्थान येथे येऊन गेला होता आणि त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातच घारापुरीचे नाव आहे. हा कार्पेंटर जॉर्ज मेरिल नावाच्या एका गरीब घरच्या माणसाबरोबर १८९८ पासून एकाच घरात, उघडपणे, संसार थाटून राहत होता. खटला नाही, आत्महत्या नाही, हद्दपारी नाही. दोन माणसे शांतपणे म्हातारी होत होती. पुढे १९२८ साली मेरिल वारला आणि वर्षभराने कार्पेंटर. असे आयुष्य शक्य असते, हे फॉर्स्टरने तेथे डोळ्यांनी पाहिले. परत येताच त्याने 'मॉरिस' ही कादंबरी लिहावयास घेतली आणि १९१४ च्या उन्हाळ्यात, पहिले महायुद्ध पेटण्याच्या सुमारास, ती पुरी केली.

कादंबरीचा पूर्वार्ध केंब्रिजमध्ये घडतो. मॉरिस हॉल हा सुखवस्तू मध्यमवर्गातील, तब्येतीने दणकट, बुद्धीने बेताचा तरुण आपल्या दिवंगत वडिलांच्याच कॉलेजात येतो. क्लाइव्ह डरहॅम हा त्याच्याहून वरच्या वर्गातील, जमीनदार घराण्याचा वारस. एका तिसऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीत यांत्रिक पियानोवर लावावयाच्या गुंडाळ्या शोधताना दोघांची गाठ पडते. मग फेऱ्या, जेवणे, थट्टामस्करी, ईश्वराविषयीचे वाद. क्लाइव्ह मित्राला सुट्टीत प्लेटोचा तो संवाद वाचावयास सांगतो आणि परत आल्यावर आपले मन उघड करतो. मॉरिस हादरतो व त्याला झिडकारतो. परंतु पुढच्या दिवसांत तो स्वतःच्या मनाचा तळ धुंडाळतो, आणि आपणही खोटे बोललो हे त्याला कळून येते. अखेर एका रात्री खिडकीतून चढून तो मित्राच्या खोलीत जातो. लौकरच दोघे व्याख्याने चुकवून बाजूगाडी जोडलेल्या मोटारसायकलवरून एक संबंध दिवस रानावनात घालवितात. डीनची नजर पडते, आणि मॉरिसला कॉलेज सोडावे लागते.

येथवरच्या कथेत मेरेडिथची छाया स्पष्ट आहे. क्लाइव्हही मेरेडिथप्रमाणेच पुढे मागे फिरतो. आजारपणानंतर तो ग्रीसला जातो व तेथून कळवितो की, आपले मन आता स्त्रियांकडे वळले आहे. तो लग्न करतो, जमीनजुमला सांभाळतो, राजकारणात शिरू पाहतो. मॉरिस एकटा पडतो. तो घरच्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर ऐकूनच घेत नाही. तो संमोहनविद्या जाणणाऱ्याकडे जातो. त्याचाही उपाय चालत नाही. आणि मग क्लाइव्हच्याच इस्टेटीवर शिकारीच्या रानाची राखण करणारा अलेक स्कडर हा तरुण त्याच्या आयुष्यात येतो. दोघेही आपापले सर्वस्व सोडून एकत्र राहण्याचे ठरवितात आणि कादंबरी संपते.

या शेवटामुळेच कादंबरी अडकली. नायकाने गळफास लावून घेतला असता, किंवा दोघांनी मिळून आत्महत्या केली असती, तर तिला प्रकाशक मिळणे सोपे गेले असते, असे खुद्द फॉर्स्टरने १९६० साली जोडलेल्या टिपणात सुचविले आहे. या प्रेमाला शोकान्त मिळाला की वाचकाला दया दाखविता येते आणि समाजाची घडीही मोडत नाही. परंतु दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात आणि त्यांचे भले होते, असे लिहिणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याची भलावण होती. शेवट बदलण्यास फॉर्स्टर तयार नव्हता. सुखान्त ठेवावयाचा हा त्याचा पहिल्यापासूनचा निश्चय होता, आणि त्या निश्चयापायी पुस्तक पेटीत राहिले. निवडक मित्र ते हस्तलिखितात वाचीत. लिटन स्ट्रेचीने १९१५ साली अभिप्राय कळविला की, या जोडीचे सुख फार काळ टिकेलसे वाटत नाही. कादंबरी अर्पण केली होती ती येणाऱ्या एखाद्या अधिक सुखाच्या वर्षाला.

हैदराबादचा मित्र

मेरेडिथपासून दुरावल्यावर फॉर्स्टरच्या आयुष्यात दुसरा मित्र आला, तो हिंदुस्थानातून. सर सय्यद अहमद खान यांचा नातू रॉस मसूद हा १९०६ साली ऑक्सफर्डच्या तयारीसाठी इंग्लंडात आला असता त्याला लॅटिन शिकविण्याचे काम फॉर्स्टरकडे आले. मसूद तेव्हा सतरा वर्षांचा होता. शिकवणी मागे पडली व मैत्री वाढत गेली. मसूद ऑक्सफर्डचे शिक्षण पुरे करून विशीत आल्यावर, १९१० च्या अखेरीस, फॉर्स्टरने आपले प्रेम त्याच्यापाशी बोलून दाखविले. मसूदची ओढ तशी नव्हती. परंतु तो रागावला नाही, की दूर झाला नाही. मैत्री पूर्वीसारखीच चालू राहिली. हैदराबाद संस्थानच्या शिक्षणखात्याचा प्रमुख म्हणून मसूदने पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला, हे तेथील मराठी मंडळींना ठाऊक असेल. १९२४ साली प्रसिद्ध झालेली 'अ पॅसेज टु इंडिया' फॉर्स्टरने त्याला अर्पण केली आहे. यावेळी पुरे नाव घालून. नकारही सन्मानाने देता येतो आणि त्यानंतरही मैत्री निभावता येते, हे या नात्याने दाखविले.

देवासचा दरबार

फॉर्स्टर प्रथम हिंदुस्थानात आला तो १९१२ साली. त्या प्रवासात त्याने वेरूळची लेणी पाहिली आणि देवासलाही भेट दिली. देवास हे पवार घराण्यातील दोन भावांच्या वंशजांत वाटले गेलेले संस्थान; एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत. थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहूमहाराजांचे जामात. त्यांचे पूर्वीचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे किंग्ज कॉलेजचेच विद्यार्थी व फॉर्स्टरचे स्नेही. त्यांच्यामुळे हा परिचय घडला. १९२१ साली महाराजांच्या बोलावण्यावरून फॉर्स्टर त्यांचा खाजगी चिटणीस म्हणून येऊन राहिला. बापूसाहेब या घरगुती नावानेच तो त्यांचा उल्लेख करतो. १९५३ साली त्याने या दिवसांवर पुस्तक लिहिले, त्याला नाव दिले ते देवासच्या देवीच्या टेकडीचे.

त्या साली देवासच्या राजवाड्यात आठ दिवस गोकुळाष्टमीचा उत्सव चालला होता. गोव्यात वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या उत्सवाची कल्पना सहज येईल : टाळमृदंगांचा अखंड गजर, फुले, गुलाल, भजन्यांच्या बदलणाऱ्या पाळ्या आणि मूर्तीपुढे देहभान विसरून नाचणारा राजा. फॉर्स्टरला सगळेच समजले असे नाही. गोंधळ व दाटी यांनी तो थकलाही. परंतु त्या अनुभवातूनच 'अ पॅसेज टु इंडिया'चा शेवटचा 'टेंपल' हा भाग उभा राहिला, आणि देहूच्या तुकोबांचे नाव घेऊन चाललेले भजन इंग्रजी कादंबरीत गेले.

देवासमध्येच आणखी एक गोष्ट घडली. फॉर्स्टरने आपला स्वभाव महाराजांपाशी स्वतः होऊन उघड केला. इंग्लंडात अशी कबुली एखाद्या वरिष्ठापाशी दिली असती, तर नोकरी तर गेलीच असती, कदाचित पोलिसही आले असते. महाराजांनी त्याला घालवून दिले नाही, की चारचौघांत अपमान केला नाही. त्यांनी ऐकून घेतले, मायेने चार शब्द सांगितले आणि स्नेह कायम ठेवला. संस्थानच्या कारभारात तुकोजीरावांच्या हातून पुढे मोठे प्रमाद झाले. १९३७ साली त्यांचा अंत झाला तो राज्यापासून दूर, पाँडिचेरीस. तथापि या एका प्रसंगी त्यांचे वागणे त्या काळच्या इंग्रज न्यायासनाहून अधिक माणुसकीचे होते, हे मान्य केले पाहिजे.

मात्र या प्रकरणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. देवासमध्ये फॉर्स्टरचा संबंध आला तो राजवाड्यातील एका सेवकाशी. चिटणीस व सेवक यांत बरोबरी नसते. नाही म्हणण्याची मोकळीक तर त्याहून नसते. आपल्या वर्तनात क्रूरपणा शिरला होता, हे फॉर्स्टरने मित्रांसाठी लिहिलेल्या एका खाजगी टिपणात मान्य केले आहे. ते टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ साली छापले गेले. केंब्रिजमधील दोन तरुणांत जे होते ते येथे नव्हते. सख्याला बरोबरी लागते, आणि ती नसली तर दयाळू राजाच्या छायेतही त्याचे सख्य होत नाही.

मौन सुटले

१९२४ नंतर फॉर्स्टर सेहेचाळीस वर्षे जगला; निबंध, चरित्रे व प्रवासवर्णने लिहिली, पण दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. याला कारणे अनेक असतील. तरी जे लिहावेसे वाटते ते छापता येत नाही व जे छापता येते त्याचा वीट आला आहे, अशा लेखकाची लेखणी थांबली याचे नवल वाटू नये. १९४६ पासून तो पुन्हा किंग्ज कॉलेजातच राहावयास आला. ज्या प्रांगणात तरुणपणी मेरेडिथबरोबर फिरला, तेथेच तो म्हातारा झाला.

इकडे कायदा हळूहळू हलत होता. १९५७ साली सर जॉन वुल्फेंडन यांच्या समितीने सुचविले की, प्रौढ पुरुषांनी परस्परसंमतीने खाजगीत ठेवलेले संबंध गुन्हा मानू नयेत. ही शिफारस इंग्लंड व वेल्समध्ये कायद्यात उतरण्यास १९६७ साल लागले, आणि तीही एकवीस वर्षांवरील पुरुषांपुरतीच. फॉर्स्टर तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. १९६९ साली त्याला 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मोठा सन्मान मिळाला. 'मॉरिस' तेव्हाही पेटीतच होती. ७ जून १९७० रोजी तो वारला आणि पुढल्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. १९८७ साली तिच्यावर चित्रपट निघाला. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, आणि निर्माता मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट.

आपल्याकडे

१८३७ साली मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा केला. १८६० साली तिचा कायदा झाला व १८६२ पासून अंमल सुरू झाला. तिच्यातील ३७७ वे कलम निसर्गक्रमाविरुद्धच्या संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगे. म्हणजे इंग्लंडने १५३३ पासून जो विचार बाळगला, तोच येथे बोटीने आला. इंग्लंडने १९६७ साली तो पुष्कळसा टाकला. आपण त्यानंतरही एक्कावन्न वर्षे सांभाळला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम दूर केले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने त्याचा तो भाग घटनाबाह्य ठरविला. अर्जदारांत आय.आय.टी.मधील आजी-माजी विद्यार्थ्यांचाही एक गट होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष होय. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले की, इतिहासाने या लोकांची, आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही, क्षमा मागावयास हवी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तसे कलमच नाही. विवाहाची मान्यता मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाली नाही. तो प्रश्न संसदेवर सोपविला गेला.

मराठी साहित्यानेही हा विषय अस्पर्श ठेवलेला नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यात कॉलेजातील एक मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते, आणि तिचा शेवट आत्मघातात होतो. सचिन कुंडलकरांच्या २००६ सालच्या 'कोबाल्ट ब्लू' कादंबरीत एका मराठी घरातला मुलगा घरी राहावयास आलेल्या तरुणावर प्रेम करतो. त्याच्या वाट्याला विरह येतो. दोन्ही कृती मोलाच्या आहेत, आणि त्यांच्या लेखकांना दुःखच दिसले असेल तर ते त्यांनी पाहिलेल्या जगाचे दुःख आहे. परंतु १९१४ साली फॉर्स्टरने ज्या ठिकाणी आपले पाऊल रोवले, ते ठिकाण कोणते हे यावरून अधिक स्पष्ट होते. या प्रेमाचा शोकान्त ऐकण्यास आपण केव्हाच तयार झालो. सुखान्ताची आपल्याला सवय नाही.

ही सवय न्यायालयाला लावून देता येत नाही. ती घरालाच लावून घ्यावी लागते. कॉलेजातला मुलगा चवथीला मित्राला घेऊन घरी येतो. माटोळी बांधावयास तो मित्र हात लावतो, आरतीला उभा राहतो, आई त्याला आग्रहाने नेवऱ्या वाढते. तो मित्र आहे तोवर सारे घर त्याचेच असते. आणि एखाद्या दिवशी मुलगा सांगतो की, हा केवळ मित्र नाही. त्या क्षणी मेरेडिथचा मार्ग सुचविला जातो : लग्न करून टाक, सगळे ठीक होईल. त्यात तिसऱ्या घरच्या एका निष्पाप मुलीचे आयुष्य पणाला लागते, याचा विचार मागाहून होतो. नाहीतर मॉरिसचा मार्ग : आधी डॉक्टर, मग दुसरा उपाय करणारा. हे दोन्ही मार्ग शंभर वर्षांपूर्वी चालून झाले आहेत आणि ते कोठे पोहोचतात याची नोंद इतिहासाने ठेवली आहे.

तिसरा मार्ग देवासला दिसला. तेथे शास्त्रार्थ झाला नाही, की कोणी कोणाचे मत बदलले नाही. आठ आठ दिवस देवापुढे नाचणाऱ्या एका भाविक मराठा राजाने आपल्या माणसाचे म्हणणे पुरते ऐकून घेतले आणि त्याला दाराबाहेर काढले नाही. घरच्या वडीलधाऱ्यांकडून पहिल्या दिवशी अपेक्षा असते ती इतकीच. पुढचे बोलणे एका बैठकीत संपणारे नसते, आणि ते संपविण्याची घाईही नसावी. फॉर्स्टरने आपली कादंबरी ज्या अधिक सुखाच्या वर्षाच्या हवाली केली, ते वर्ष प्रत्येक घरात एकाच वेळी उजाडणार नाही. ज्या घरात मुलगा सांगून झाल्यावरही रात्री त्याचे पान मांडले जाते, आणि पुढच्या चवथीला त्या मित्रालाही निरोप जातो, तेथे ते आलेले असते.